फरशीवर आखलेली बाथरूम

कल्पना पहिली : सगळं पांढरं

सिस्टरला पांढरी बाथरूम हवी होती. पांढरी म्हणजे पांढरी. दुधी नव्हे, मोतिया नव्हे, आणि दुकानदार गोड बोलून खपवतात तो पिवळट पांढरा तर नव्हेच नव्हे. भिंती पांढऱ्या, जमीन पांढरी, बेसिन पांढरं, आणि शॉवरभोवती काच. काच अशी, की आहे का नाही ते कळू नये.

तिचं म्हणणं सरळ होतं. उभा जन्म नर्स म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. हिरवे गाऊन, हिरव्या चादरी, हिरवे पडदे. आणि घरी यावं तर बेडरूमला लागून असलेली बाथरूमही हिरवी, तीही शेवाळी, आधीच्या मालकाने कुठल्या तंद्रीत निवडली कोण जाणे. निवृत्त झाल्यावर पहिला हातोडा त्या फरश्यांवर पडणार, हे तिने मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. नवऱ्याने चिडवायला म्हणून सुरू केलं, शेजाऱ्यांनी उचललं, पुढे चिडवणं विरून गेलं आणि हाक तेवढी उरली. नवरा बस चालवायचा. डेपोत त्याला उस्ताद म्हणत. निवृत्त होईपर्यंत त्याच्या बसला ओरखडा म्हणून उठला नाही, हे तो चारचौघांत सांगायचा, आणि ते खरं होतं. आता घरच्या छोट्या गाडीतून तो नातीला शाळेत नेऊन सोडायचा आणि दुपारी घेऊन यायचा. मुलगी आणि जावई सकाळीच नातीला इथे सोडून दिवसभर कामावर, त्यामुळे तिची सगळी मदार आजोबांवर.

उस्तादला घर सजवण्यात काडीचा रस नव्हता. पडदे आले, सोफा गेला, भिंतींनी रंग बदलले, त्याचं उत्तर ठरलेलं : "तुला आवडलं ना, मग झालं." म्हणून बाथरूमबद्दलही त्याला विचारायचं सिस्टरच्या डोक्यातच आलं नव्हतं. डिझाइनर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तो पेपर वाचत बसला होता. त्याने पेपरची घडी घातली आणि घसा खाकरला.

कल्पना दुसरी : उस्तादची

"जमीन काळी करा."

डिझाइनर त्यांच्या मुलीच्या वयाची होती, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने पेन्सिल काढली.

"भिंती पांढऱ्या चालतील," उस्ताद म्हणाला, "पण जमीन काळी. बेसिनला लाल काठ. शॉवरला पायरी असेल तर तिच्यावर पिवळी-काळी पट्टी. आणि दारापासून शॉवरपर्यंत एक दांडा. पिवळा."

"पिवळा दांडा," डिझाइनरने लिहून घेतलं. "म्हणजे कसा, काका?"

"बसमध्ये असतो तसा."

सिस्टरने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. "आणि तिकीट कुठे काढायचं? बेसिनपाशी, की आत चढल्यावर?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा मी करतेय? अहो, बाथरूम आहे ती. डेपो नाही."

"आणि काच नको."

"काच नको?"

"अजिबात नको. एवढं एक ऐक माझं."

आधी सिस्टरला हसू आलं. संध्याकाळी तिने मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाबांना बाथरूममध्ये बस पाहिजे." मुलगी पोट धरून हसली आणि म्हणाली, "देऊन टाक गं एक दांडा. बिचारे घंटी तर मागत नाहीयेत." पण उस्ताद हसत नव्हता. ज्याने आयुष्यात कधी उशीच्या अभ्र्याचा रंग पाहिला नाही तो माणूस काळ्या फरशीसाठी जेवताना वाद घालत होता, झोपताना वाद घालत होता. काळ्यावर साबणाचे डाग दिसतात, म्हटलं तर म्हणे दिसू देत. केस दिसतात, तर म्हणे दिसले तर बरंच. शेवटी सिस्टरने विचारलं, का? नुसतं का, एवढं सांगा.

"मग फोडूच नकोस," तो म्हणाला. "आहे ती चांगली आहे."

आणि उठून गेला.

आहे ती चांगली आहे. त्या शेवाळी खोपटाला चांगली म्हणणारा माणूस तिने या घरात तरी पाहिला नव्हता. ती बघतच राहिली. आता तिला पांढऱ्या भिंतींच्याही आधी हे कळायला हवं होतं, की हा एवढा अडून का बसलाय.

मध्येच, जुन्या बाथरूमविषयी

डावीकडे आरसा. आरशाखाली फळी. फळीवर उजव्या टोकाला दाढीचं सामान, डाव्या टोकाला ब्रश, मधे काही नाही. टॉवेल दुसऱ्या खुंटीवर, पहिलीवर कधीच नाही. साबण कोपऱ्यात, शाम्पू त्याच्या मागे. सिस्टरच्या घरात वस्तू जागेवरून हलत नसत. थिएटरमध्ये हात लांबवला की नेमकं अवजार हाताला लागलं पाहिजे, मान न वळवता. ती सवय घरी आली आणि कायमची राहिली. पाहुणे हसत. सात वर्षांच्या नातीलासुद्धा माहीत होतं की कात्री घेतली तर ती कुठे परत जाते.

अडगळ नाही, धक्का नाही, शोधाशोध नाही. डोळे मिटून वावरावं असं घर.

कल्पना तिसरी : खोटी सकाळ

डिझाइनरची कामाची एक पद्धत होती. काहीही फोडण्याआधी ती नवी खोली हॉलच्या जमिनीवर खऱ्या मापाने आखायची. कागदी चिकटपट्टीच्या भिंती. दाराच्या जागी पट्टीत खंड. बेसिनच्या जागी खुर्ची, कमोडच्या जागी स्टूल, शॉवरच्या जागी चौकोन. आणि मग घरातल्या माणसांनी त्यात एक सकाळ जगून दाखवायची. उठून आल्यासारखं यायचं, दात घासायचे, अंघोळ करायची, सगळं खोटं खोटं.

"लोक तोंडाने वेगळं सांगतात काकू, आणि पाय वेगळंच करतात," ती म्हणाली. "मी पायांचं ऐकते."

तिने दुपारी येऊन सोफा सरकवला आणि गुडघ्यांवर बसून पट्ट्या चिकटवल्या. पट्टी पांढरी, हॉलची फरशी फिक्या दगडी रंगाची. सिस्टर आधी गेली. दारातून आत, खुर्चीपाशी, तिथून शॉवर. डिझाइनर म्हणाली, "काकू, तुम्ही बेसिनपाशी अख्खं वळण घेताय, म्हणजे ते थोडं अलीकडे हवं." मजा होती त्यात. सिस्टरला आपली बाथरूम पायाखाली खरीच उभी राहिल्यासारखी वाटली. तिच्या मनात तर काचेवर पाण्याचे थेंबही दिसायला लागले होते.

"चला उस्ताद," ती म्हणाली. "तुमची फेरी."

तो आला. खांद्यावर टॉवेल टाकून आला, नाटक पूर्ण करायला. सरळ चालत आला आणि भिंतीतून आत शिरला.

डिझाइनर हसली. "काका, भिंत आहे तिथे."

"हो का," उस्ताद म्हणाला आणि हसला. पण हसू जरा मागून आलं. समोरच्याने हसल्यावर आपणही हसावं, तसं.

"दार तुमच्या उजवीकडे."

तो उजवीकडे सरकला. दार पार करून गेला. पुन्हा भिंतीवर उभा राहिला. डिझाइनरचं हसू अर्ध्यावर थांबलं. उस्ताद अनवाणी होता. सिस्टरची नजर त्याच्या पायांवर गेली.

पाय चाचपत होता. अंगठा फरशीवरून हळूहळू पुढे, थोडा डावीकडे, पट्टीची कड लागेपर्यंत. लागली. मग टाच. मग दुसरा पाय.

असे पाय तिने हजारदा पाहिले होते. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्ट्या बांधलेली माणसं थिएटरमधून वॉर्डात जाताना अशीच चालतात.

ती त्याच्याजवळ गेली. आपण काय करतोय हे तिला कळायच्या आत तिचा हात वर गेला होता, त्याच्या कानाच्या थोडा पुढे, चेहऱ्याच्या बाजूला, दोन बोटं उघडी.

"अहो, समोरच बघा. किती बोटं आहेत?"

उस्ताद समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"कुठली बोटं?" तो म्हणाला.

कल्पना चौथी :

(ही राहिली.)

डिझाइनर शहाणी होती. "मी गाडीतून मोठी पट्टी घेऊन येते," असं म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही.

मोजणी

ऑपरेशन संपताना शिवण्याआधी मोजणी होते. जेवढी अवजारं टेबलावर घेतली तेवढी परत आली पाहिजेत. एक कमी भरलं तर टाका घालायचा नाही, सापडेपर्यंत सगळे उभे. सिस्टर हॉलमध्ये आखलेल्या बाथरूममध्ये उभी होती आणि हा उन्हाळा, मग वसंत, मग गेली थंडी अशी उलटी मोजत होती.

टेबलावर ठेवायला गेलेला आणि काठाबाहेर पडून फुटलेला कप. ती म्हणाली होती, लक्ष कुठे असतं हल्ली.

जिन्यात समोरून आलेल्या शेजारणीला त्याने ओळख दिली नाही. तिला वाटलं, मागच्या भांडणाचा राग.

कपाटाचं उघडं राहिलेलं दार आणि कपाळाला आलेलं टेंगूळ. ती म्हणाली होती, दार उघडं कुणी ठेवलं. मीच, तो म्हणाला होता. खोटं. दार तिनेच उघडं ठेवलं होतं, तिच्या आयुष्यात एकदा.

आणि रोज सकाळी पेपर. हीच तर गंमत. बारीक अक्षरातला पेपर तो चष्म्याशिवाय वाचायचा. समोरचं त्याला सगळं दिसत होतं. गेलं होतं ते बाजूचं.

"काचबिंदू," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"असेल," उस्ताद म्हणाला. तो खुर्चीवर बसला, म्हणजे बेसिनमध्येच. "चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, डोळ्यांत प्रेशर आहे, मोठ्या डॉक्टरांकडे जा."

"कधी म्हणाला?"

"गेल्या थंडीत."

"आणि तुम्ही गेला नाहीत."

"गेलो असतो तर लायसन्स गेलं असतं."

"अहो, रोज दोन थेंब. नुसते दोन थेंब. जे गेलं ते परत येत नाही, पण राहिलेलं राखता येतं. तुम्ही कुणाच्या घरात राहता? मी काय भाजी विकत होते जन्मभर?"

"म्हणूनच नाही सांगितलं. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसमोर असतो."

"मग त्यात वाईट काय होतं?"

उस्तादने खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. म्हणाला, "समोरचं नळीतून बघावं तसं दिसतं. नळीच्या बाहेर धुकं. आणि पांढऱ्यावर पांढरं काहीच नाही. तुझी ती बाथरूम झाली असती ना, तर मला नुसता उजेड दिसला असता. काच कुठे, भिंत कुठे, काही नाही. ही जुनी मला हाताने पाठ आहे. या घरात आंधळ्यालाही काही कमी पडायचं नाही, सिस्टर. सगळं जागच्या जागी."

त्याने हे कौतुकानेच म्हटलं होतं. सिस्टरला मात्र त्यात वेगळंच ऐकू आलं. वस्तू जागेवर ठेवत, खुंट्या नेमत तिने आपल्या हातांनी त्याला लपायला जागा करून दिली होती. घर थोडं गबाळं असतं तर तो पहिल्याच आठवड्यात धडपडला असता, आणि पकडला गेला असता.

मग तिला गाडी आठवली.

गाडी

ती मटकन खाली बसली, शॉवरमध्ये.

"चिमणी," ती म्हणाली. नातीला सगळे चिमणीच म्हणत. "तुम्ही रोज तिला. त्या रस्त्यावरून. रोज."

"ऐक आधी."

"काय ऐकू? तो गाडीचा आरसा. कुणीतरी पार्किंगमध्ये उडवला म्हणालात."

"मीच उडवला. सायकलवाला होता. पडला नाही, नुसता शिव्या देत गेला. चिमणी मागे बसली होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवसानंतर तिला गाडीत बसवलेलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ."

"रोज सकाळी मी खिडकीतून बघते. दोघं गाडीत बसून जाता."

"कोपऱ्यापर्यंत. लाँड्रीच्या मागे गाडी लावतो. ती मागच्या फाटकातून माझ्या पुढे चालत जाते आणि तिथे येऊन भेटते, तिच्या बाजूचं दार मी नुसतंच उघडून लावतो. पुढे दोघं बसने."

सिस्टरने डोकं हातात धरलं. आपण खिडकीत उभं राहून हात हलवतो. कुणाला हलवतो? आजवर रिकाम्या सीटला.

"आणि कोपऱ्यापर्यंत तरी गाडी कशाला?"

"तू बघतेस म्हणून."

"अहो, पण वाटेत—"

"तेवढा रस्ता मी डोळे मिटूनही जाईन."

"मिटूनच जाताय," ती म्हणाली.

घड्याळाकडे दोघांनीही एकदमच पाहिलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती. उस्ताद सवयीने उठला, सवयीने चाव्यांकडे गेला. चाव्या जागेवर होत्या. त्याने नेमक्या उचलल्या, मग तिच्या हातात दिल्या. तिने मागितल्या नव्हत्या. दारात डिझाइनर पट्टीचं नवं रीळ घेऊन उभी होती. सिस्टर तिला म्हणाली, "बाळ, आजचं राहू दे. मला परत विचार करू दे," आणि दोघं जिना उतरली. उतरताना तिने पहिल्यांदाच ऐकलं की तो पायऱ्या पुटपुटत मोजतो.

बस

तिला वाटलं होतं, धक्के संपले.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि इंजिन सावकाश ठेवून वाट पाहिली, उस्ताद दांडा धरून चढेपर्यंत, बसेपर्यंत, हात मांडीवर ठेवेपर्यंत. मग आरशातून म्हणाला, "निघू का उस्ताद?"

"निघ."

"आज वहिनी पण?"

"हो रे. कळलं तिला."

"बरं झालं," ड्रायव्हर म्हणाला आणि गियर टाकला.

म्हणजे डेपोला माहीत. बसला माहीत. कदाचित लाँड्रीवाल्यालाही. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरून त्यांचा ताप सांगणारी बाई, आणि तिच्या उशीशेजारची बातमी गावाला आधी. तिला राग यायला हवा होता. राग येत नव्हता.

शाळेचं फाटक

चिमणी दप्तर हलवत आली, आजीला पाहून जागीच थांबली. मग चेहरा आजोबांकडे.

"तुम्ही सांगितलंत?"

"तिनेच ओळखलं."

"मी नाही हं सांगितलं," चिमणी आजीला म्हणाली. घाईघाईत, आरोप येण्याआधीच. "कुणालाच नाही. आईला पण नाही. मी फक्त पायरी सांगते, आणि खड्डा, आणि सायकल आली तर सायकल."

सिस्टर तिच्यासमोर उकिडवी बसली. एवढ्याशा पाठीवर दप्तर होतं, आणि दप्तराखेरीज हे. रोज सकाळी तिच्या केसांचे दोन शेपटे घालताना आजीने तिला विचारलं होतं, आज शाळेत काय, मैत्रीण कोण, डबा खाल्लास का. आणि पोरगी सगळ्याची उत्तरं देत होती, एक सोडून. सिस्टरला शाबास म्हणवेना. तिने चिमणीचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

मग ती उठून उभी राहिली. "तिच्या आईला फोन लावा."

"संध्याकाळी सांगू की निवांत," उस्ताद म्हणाला. "आत्ता ती ऑफिसात असेल."

"असू दे."

"तू सांग ना मग. तुला जमतं हे. किती पेशंटच्या नातेवाइकांना तू असल्या गोष्टी सांगितल्यास."

"तेव्हा मी सिस्टर होते. आता मीच नातेवाईक आहे."

"ती चिमणीला पाठवायची नाही गं माझ्याबरोबर."

"नाही पाठवणार," सिस्टर म्हणाली. "माहितीय मला."

उस्ताद तसाच उभा राहिला. बाजूने पोरं ओरडत पळत होती आणि प्रत्येक पोर त्याच्या अंगाजवळून गेलं की तो दचकत होता, ते तिला आता दिसत होतं. हे दचकणं गेले कित्येक महिने चालू असणार. शेवटी त्याने फोन काढला, बरोबर डोळ्यांसमोर धरला आणि नंबर लावला. चिमणी बाटलीच्या नळीतून पाणी पीत दुसरीकडे बघत राहिली.

"बाबा?" मुलीचा आवाज फोनबाहेरही ऐकू आला. "काय झालं? चिमणी कुठाय?"

"इथेच आहे. छान आहे."

"मग?"

उस्तादचं तोंड उघडलं आणि मिटलं. सिस्टरचा हात आपोआप पुढे आला, फोन घ्यायला. तिने तो मागे घेतला, दप्तराच्या पट्ट्यात अडकवला. थिएटरमध्ये डॉक्टरने हात पसरल्याशिवाय आपण अवजार देत नाही. त्याने हात पसरला नव्हता.

"उद्यापासून तिला शाळेत दुसरं कुणीतरी सोडायला हवं," तो म्हणाला.

"का? गाडी बिघडली?"

"गाडी ठीक आहे. मला दिसत नाही, बाळा. समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. थंडीपासून."

मग मुलीचा आवाज आला, लहानपणी पडल्यावर यायचा तसा.

"आई कुठाय? आईला माहितीय?"

उस्तादने आधी मान वळवली. मग खांदे. मग सगळाच वळला, हळूहळू, जत्रेत हरवल्यासारखा, आणि वळता वळता एका जागी येऊन थांबला. ती त्याला सापडली.

"ही काय, इथेच आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "तिला आजच कळलं."